प्लॅस्टिकचं मेपल, प्लॅस्टिकची महोगनी: १:२५ मधली १९४८ ची फोर्ड वुडी

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर रंग न लावलेली बॉडी, बाजूला फुटपट्टी.]

नमस्कार मंडळी! आज टेबलावर आहे १९४८ ची फोर्ड स्टेशन वॅगन, रेव्हेल कंपनीचं १:२५ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं, प्लॅस्टिक किट. बॉनेट आणि मडगार्ड पत्र्याचे, पण पुढच्या दारापासून मागे सगळं लाकूड. अमेरिकेत अशा गाडीला 'वुडी' म्हणतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. हे लाकूड पत्र्यावर चिकटवलेलं नव्हतं. दारं, खांब, छपराखालच्या पट्ट्या, सगळा सांगाडाच मेपलचा, आणि त्या चौकटींत बसवलेल्या फळ्या बहुधा महोगनीच्या. मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला फोर्डची स्वतःची जंगलं होती, लाकूड कापायची गिरणी होती आणि या बॉड्यांचा कारखानाही होता. तिथल्या लाकडाच्या तुकड्यांपासून फोर्डनं शेगडीचा कोळसासुद्धा बनवून विकला. तर या किटवर सुताराच्या नजरेनं बसायचं. कुठली पट्टी कुठे संपते, कुठली कशात अडकते, हे कळल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही.

[फुटपट्टी बॉडीला लावून दाखवणे.]

आता थोडं गणित. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११४ इंच. २५ ने भागलं की साधारण ११६ मिलिमीटर. मॉडेलवर २ मिलिमीटरची पट्टी म्हणजे खरी २ इंचांची, इथपर्यंत ठीक. पण ब्रशनं अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढलीत, तर खऱ्या गाडीवर ती साडेबारा मिलिमीटरची होते. बोटभर जाडीच्या रेषा कुठल्या मेपलला असतात? मेपल तर मुळातच बारीक पोताचं लाकूड. बहुतेक वुड्या इथेच फसतात. काम वाईट नसतं, पण हौसेनं इतक्या रेषा काढलेल्या असतात की गाडी झेब्र्यासारखी दिसते. हातभर अंतरावरून रेषा मोजता आल्या, तर त्या जास्त झाल्या असं समजा.

हाच हिशेब किटच्या साच्यालाही लावा. काही किटमध्ये लाकडाच्या रेषा प्लॅस्टिकवर उठवलेल्याच येतात. ०.२ मिलिमीटर खोल चर म्हणजे खऱ्या लाकडात ५ मिलिमीटरची खाच! अशी गाडी पहिल्याच पावसात कुजली असती. ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून त्या रेषा हलक्या हातानं जवळजवळ सपाट करा. चौकटीच्या कडा मात्र घासल्या जाऊ देऊ नका. फळी चौकटीपेक्षा आत बसलेली दिसते ती त्या कडेमुळेच.

बॉडी भांड्याच्या साबणानं धुऊन घ्या. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सोलून निघतो. मग राखाडी प्राइमरचे दोन पातळ हात.

रंगांचा क्रम चुकवू नका. आधी पत्रा, मग लाकूड. पत्र्याला आपण तामिया या मॉडेल-रंगांच्या कंपनीचा टीएस-११ मरून स्प्रे मारतोय. तो लॅकर, म्हणजे तीव्र सॉल्व्हंटचा रंग आहे. लाकूड आधी रंगवलंत आणि वरून लॅकर उडाला, तर तो खालचा अॅक्रिलिक रंग खाऊन टाकतो. म्हणून मरून आधी, पूर्ण एक दिवस वाळवायचा, मग पत्र्याच्या भागावर मास्किंग टेप. टेपची कड नखानं दाबून बसवा, विशेषतः जिथे पत्रा संपून लाकूड सुरू होतं तिथे.

लाकडाचा पाया: चौकटीला तामियाचा एक्सएफ-५७ बफ, फळ्यांना एक्सएफ-५९ डेझर्ट यलोमध्ये चमचाभर, म्हणजे रंगाचा छोटा चमचा हो, एक्सएफ-६४ रेड ब्राउन. पाया हवा त्याहून फिकट ठेवा. वरचे हात त्याला गडद करणारच आहेत. एक दिवस वाळवा आणि सेमी-ग्लॉस क्लिअरचा एक हात द्या. फुल ग्लॉस दिलात तर ऑइल रंग घसरतो, नुसता मॅट ठेवलात तर रंग शोषला जाऊन डाग पडतात.

[क्लोज-अप: पुठ्ठ्यावर ऑइल रंगाचे दोन थेंब, भोवती तेलाचं वर्तुळ.]

आता खरी गंमत. चित्रकारांचे ऑइल रंग घ्या. कॅमलचे चालतात, कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतात. तीन ट्यूब पुरेत: रॉ सिएना, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर. रंग पॅलेटवर न काढता साध्या पुठ्ठ्यावर काढा आणि तासभर तसाच ठेवा. हे वर्तुळ दिसतंय? पुठ्ठ्यानं जवसाचं तेल ओढून घेतलंय. तेल कमी झालं की रंग लवकर वाळतो आणि तकतकत नाही.

फळ्यांपासून सुरुवात. जुना, केस विस्कटलेला चपटा ब्रश घ्या. त्याला बर्न्ट सिएना लावा आणि जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाका. मग एका फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच ओढ. मागे फिरायचं नाही. मागे फिरलात की रेषा मोडते आणि लाकडाऐवजी चिखल दिसतो. प्रत्येक फळीत रंगाचं प्रमाण थोडं वेगळं ठेवा, एकीत अंबरचा ठिपका जास्त, एकीत कमी, कारण सगळ्या फळ्या काही एकाच झाडाच्या नसतात. वीस मिनिटांनी स्वच्छ, कोरडा, मऊ ब्रश त्याच दिशेनं अलगद फिरवा. अर्ध्या रेषा विरून जातील. विरू द्या.

चौकटीला रॉ सिएना, तोही अगदी नावापुरता. इथे सुतार जागा होतो. उभ्या खांबाची रेषा उभी, आडव्या पट्टीची आडवी. दोन्ही जिथे भेटतात तिथे रेषा वळत नाही, तुटते. खऱ्या गाडीत तिथे खाचेत बसवलेला सांधा आहे. म्हणून आधी सगळे खांब करा, दोन दिवस वाळवा, सांध्यावर टेपचा बारीक तुकडा लावा आणि मगच आडव्या पट्ट्या. टेप काढल्यावर सांधा आपोआप उमटतो. तिथे ०.३ ची टोकदार पेन्सिल एकदाच फिरवा.

[क्लोज-अप: दाराचा खालचा कोपरा, दोन दिशांच्या रेषा.]

सगळ्या किटमध्ये एवढा एक कोपरा जमला की समोरचा माणूस आपसूक विचारतो, खरं लाकूड लावलंय का?

खरं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलं तर? लावतात काही जण, पण इथे नको. अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअर २५ पटीत साडेबारा मिलिमीटर जाड होतं, दारांच्या फटी बुजतात आणि मागच्या गोलाईवर ते तडकतं.

दारांच्या फटींत काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, ओतू नका, कार्टून दिसतं. बर्न्ट अंबर व्हाइट स्पिरिटमध्ये चहाच्या पाण्याइतकं पातळ करून फटीला टेकवा, ते आपणच धावतं. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरू नका, खालचा थर उचलला जाण्याचा धोका आहे.

ऑइल वाळायला कोरड्या हवेत चार-पाच दिवस. पावसाळ्यात, मुंबई-कोकणात, आठवडा धरून चाला. घाई करून वार्निश मारलंत तर वरचा थर सुरकुततो. दमट हवेत ग्लॉस स्प्रे मारला की थरात ओल अडकून पांढरट धुरकटपणा येतो. स्प्रे दुपारी मारा, पाऊस थांबलेला असताना. खऱ्या लाकडाला चकचकीत वार्निश असायचं, पण मॉडेलवर पत्र्याइतकीच चमक लाकडाला दिली की सगळं पुन्हा प्लॅस्टिक दिसतं. म्हणून पत्रा ग्लॉस, लाकूड सेमी-ग्लॉस.

छप्पर. १९४८ ला ते पत्र्याचं नव्हतं. लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं काळं आच्छादन होतं. पोलादी छप्पर १९४९ च्या मॉडेलला आलं, आणि ती वॅगन दोन दारांची होती, त्यामुळे संदर्भाचे फोटो शोधताना गल्लत करू नका. टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करून पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलनं छपरावर बसवा, वाळल्यावर एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक. गडद काळा नको, तो जास्तच नवा दिसतो.

चॅसी आणि इंजिन सूचनापत्रकाप्रमाणे करा, त्यात अवघड काही नाही. क्रोमच्या भागांना चिकटवायच्या जागी मुलामा तेवढा खरवडा, कारण प्लॅस्टिकचा गोंद मुलाम्याला धरत नाही.

काचा मात्र सुपरग्लूनं लावू नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, आणि या गाडीला खिडक्याच खिडक्या! फेविकॉल टूथपिकनं लावा, वाळून पारदर्शक होतो आणि सांडलेलं ओल्या कापसानं निघतं.

आणि टायर पहिल्या दिवशीच वेगळ्या पिशवीत काढून ठेवा. टायरचं मऊ विनाइल महिनोन् महिने काचांच्या स्प्रूला, म्हणजे सुटे भाग जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीला, टेकून राहिलं तर प्लॅस्टिक वितळून खड्डा पडतो. आपल्या किटमध्ये हे बघा, मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात तो अर्धचंद्र उमटायला लागलाच होता. १००० नंबरच्या वॉटर पेपरनं आणि मग पॉलिशनं निघाला, कारण फार खोल गेला नव्हता.