लस जागी होईपर्यंत

[पहाट. तबेला. घोड्याच्या नाकपुड्यांतून वाफ. मोतद्दार खरारा करतोय.]

घोड्याची मान बघा. कातडीखाली ही जाड शीर आहे, बोटाने दाबली की टरारून वर येते. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ माणूस या शिरेतून औषध काढत आला आहे.

१८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो किटासाटो यांनी एक गोष्ट दाखवून दिली. जनावराला रोगाचं विष अगदी थोडं थोडं टोचत गेलं, तर ते मरत नाही, उलट सोसायला शिकतं. आणि त्याच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या जनावराला टोचलं की ते शिकलेपण त्यालाही मिळतं. त्यांचे प्रयोग धनुर्वात आणि घटसर्पावर होते. १९०१ साली वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंगना मिळालं.

त्या सीरममध्ये काम करणारी वस्तू म्हणजे अँटिबॉडी. मराठीत प्रतिपिंड. इंग्रजी वाय अक्षरासारखं, दोन फाट्यांचं प्रथिन. फाट्यांची टोकं शत्रूच्या एका ठरावीक जागी कुलपात किल्ली बसावी तशी बसतात, आणि शत्रू अडकून पडतो.

मग घोडाच का? तो मोठा असतो, शांत असतो, आणि एका वेळी त्याच्याकडून कित्येक लिटर रक्त घेता येतं.

[घोडा मान हलवतो. क्षणभर फक्त आवाज.]

आता रेबीज.

कुत्र्याच्या लाळेतून विषाणू जखमेत उतरतो. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, अंगभर काटे. हे काटे मज्जातंतूला चिकटतात आणि तंतूच्या आतून विषाणू मेंदूच्या दिशेने चढू लागतो. चावा पायाला असेल तर वाट लांबची, चेहऱ्याला असेल तर जवळची. लहान मुलाचं अंगच छोटं, त्यामुळे तिथे सगळ्याच वाटा जवळच्या. मेंदूत पोचून लक्षणं दिसू लागली, की त्यानंतर वाचवणारं औषध आजही जगात कुणाकडे नाही.

लस आहे, उत्तम आहे. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस कधीच गेले. पण लस शरीराला शिकवते, आणि शिकायला वेळ लागतो. पहिला डोस घेतल्यापासून कामाला येतील एवढ्या अँटिबॉडी तयार व्हायला सात ते चौदा दिवस जातात. तोवर जखमेत विषाणू मोकळा असतो. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर या मधल्या दिवसांत शरीराला तयार अँटिबॉडी बाहेरून द्याव्या लागतात, आणि त्या जखमेतच द्याव्या लागतात.

हे किती मोलाचं आहे ते १९५४ साली इराणमध्ये दिसलं. एका गावात पिसाळलेला लांडगा शिरला आणि २९ जणांना चावला. तेहरानच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले बाल्ताझार आणि बहमन्यार यांनी नोंदी ठेवल्या. डोक्याला चावे बसलेल्यांपैकी पाच जणांना फक्त लस मिळाली होती, त्यातले तीन दगावले. लशीबरोबर सीरमही मिळालेल्यांपैकी दगावला एकच. तेव्हापासून खोल चाव्याला लस आणि सीरम दोन्ही, हा नियम जगभर झाला.

[परळ. हाफकिनची जुनी दगडी इमारत. झाडं, कावळे.]

महाराष्ट्रात सीरम म्हटलं की आधी हाफकिन. प्लेगच्या काळात त्यावर लस बनवणारे वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. पुढे इथल्या औषधांसाठी घोडे लागत. सर्पदंशावरच्या औषधालाही घोडाच लागतो.

त्या घोड्यांतले काही पुण्याहून यायचे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे, शर्यतीतून निवृत्त झालेले. आपलेच घोडे देऊन दुसरा सीरम बनवतो, तर आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली हडपसरला कारखाना काढला. सुरुवातीच्या औषधांत धनुर्वातावरचं सीरम होतं. नावातच ते राहून गेलं : सीरम इन्स्टिट्यूट. आज जग या कंपनीला लशीसाठी ओळखतं, पण तिच्या नावात घोड्याचं रक्त आहे.

[हडपसर. रस्त्यावरून दिसणारी उंच इमारत. पुढून दुधाच्या कॅनची दुचाकी जाते.]

घोड्याच्या सीरमने असंख्य माणसं वाचवली. ते आजही वापरलं जातं, आणि वेळेवर मिळालं तर नक्की घ्यावं. पण आपल्या शरीराला घोड्याचं प्रथिन परकं असतं. कुणाला अंगावर पित्त उठतं, कुणाला आठवड्याने ताप येतो, सांधे धरतात. क्वचित कुणाची तब्येत टेबलावरच बिघडते. आता ते पूर्वीपेक्षा कितीतरी शुद्ध करतात, पेप्सिन नावाचा पाचक रस वापरून अँटिबॉडीचं शेपूट कापतात आणि फाटे तेवढे ठेवतात. तरी ग्रामीण रुग्णालयात एकट्या ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरच्या मनात धाकधूक असतेच. दुसरा पर्याय लस टोचलेल्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचा. ते सौम्य, पण दाते मोजके आणि किंमत मोठी.

म्हणजे औषध रक्तातच अडकलेलं. त्याला रक्ताबाहेर काढलं ते केंब्रिजमधल्या दोघांनी.

[प्रयोगशाळा. गुलाबी द्रावणाचा फ्लास्क हलकेच कलतो. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चमकदार पेशी.]

सेझार मिलस्टीन मूळचे अर्जेंटिनाचे. जॉर्जेस कोहलर तिशीही न गाठलेले जर्मन. प्रश्न साधा होता. शरीरात अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी लाखो प्रकारच्या, पण प्रत्येक पेशी एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते. आपल्याला हवी ती पेशी वेगळी काढली, तर ती बाहेर जगत नाही, काही दिवसांत मरते. उलट कर्करोगाची पेशी मरायला तयार नसते. या दोघांनी त्या दोन पेशींचं लग्न लावलं. जन्मलेल्या संकरित पेशीत अँटिबॉडी बनवण्याचं कसब एकीचं आणि न मरण्याचा गुण दुसरीचा. तिला वाढवत गेलं की सगळी वंशावळ एकच अँटिबॉडी बनवत राहते. एकाच कुळातली, म्हणून मोनोक्लोनल.

हे ऑगस्ट १९७५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. लेखाच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलं होतं की अशा पेशींचा वैद्यकात आणि उद्योगात उपयोग होऊ शकेल. पेटंट मात्र घेतलं गेलं नाही. ब्रिटनच्या ज्या सरकारी यंत्रणेकडे विषय गेला, तिला यात लगेच काही उपयोग दिसला नाही. १९८४ साली दोघांना नील्स येर्न यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आम्हाला या कथेतला हा भाग फार आवडतो. जगातला एवढा मोठा औषधधंदा ज्या कल्पनेवर उभा आहे, ती कल्पना कुणाच्याही कुलपात नव्हती.

धंदा मात्र सावकाश उभा राहिला. १९८६ साली अमेरिकेत पहिली मोनोक्लोनल औषध म्हणून मंजूर झाली, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी. ती उंदराची होती, आणि घोड्याचीच अडचण पुन्हा आली, शरीराला उंदीरही परकाच. मग ग्रेगरी विंटर आणि इतरांनी उंदराच्या अँटिबॉडीची फक्त टोकं ठेवून बाकीचा सांगाडा माणसाचा केला. पुढे उंदराच्याच जनुकांत माणसाची अँटिबॉडी-जनुकं बसवली गेली. दिसायला उंदीर, पण रक्तात बनणारी अँटिबॉडी माणसाची.

पैसा गेला कर्करोगाकडे, संधिवाताकडे. वर्षानुवर्षं औषध घेणारे, विमा असणारे रुग्ण तिथे होते. रेबीजचा रुग्ण शेतात, वस्तीवर, शाळेच्या वाटेवर असतो. त्याला औषध आयुष्यात एकदा लागतं, आणि खिशात बसचे पैसे असतात.

[नकाशा. बोस्टनवरून रेघ सरकत पुण्याकडे येते.]

बोस्टनमधली मासबायोलॉजिक्स ही मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची, नफा न कमावणारी संस्था. १८९४ पासूनची, आणि तीही सुरू झाली घटसर्पाच्या सीरमपासून, म्हणजे घोड्यांपासूनच. तिथल्या शास्त्रज्ञांनी माणसाची जनुकं असलेल्या उंदरांना रेबीजची लस टोचली, त्यांच्या पेशींचा संकर केला, आणि शेकडो पेशींतून एक निवडली. तिचं नाव १७सी७. प्रयोगशाळेत अशी नावं बहुधा पत्त्यासारखी पडतात : कितवी ताटली, कुठली ओळ, कितवा खळगा. ही अँटिबॉडी विषाणूच्या काट्याला नेमकी धरते, आणि जगाच्या वेगवेगळ्या भागांतले रेबीज विषाणू तिच्यासमोर ठेवून बघितले गेले. २००७ साली हे काम प्रसिद्ध झालं.

औषध बनवायचं ते हडपसरच्या कारखान्याने. घोड्यांपासून निघालेल्या दोन संस्था इथे भेटल्या, घोड्याची गरज संपवण्यासाठी.

[स्टीलची टाकी. नळ्या. काचेतून फिरणारं द्रावण. पांढऱ्या पोशाखातले हात.]

अशा कारखान्यात काय चालतं ते बघण्यासारखं आहे. निवडलेल्या अँटिबॉडीचं जनुक एका वेगळ्या पेशीत घालतात. ही पेशी चिनी हॅमस्टर नावाच्या छोट्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजकोशातली. १९५७ साली अमेरिकेत थिओडोर पक यांनी ती वाढवली, आणि तिच्या वंशातल्या पेशी आजही जगभरच्या टाक्यांमध्ये वाढताहेत. पेशींना साखर, अमिनो आम्लं, प्राणवायू आणि साधारण अंगाइतकी ऊब मिळते. त्या वाढतात आणि अँटिबॉडी बाहेर सोडतात. मग द्रावण एका उभ्या नळीतून जातं. तिच्यात प्रोटीन-ए नावाचं, मूळ एका जिवाणूचं प्रथिन लावलेलं असतं, ते अँटिबॉडी धरून ठेवतं आणि बाकीचं वाहून जातं. आम्लता बदलली की अँटिबॉडी सुटते. पुढे विषाणू मारण्याची पायरी, गाळण्या, पुन्हा नळ्या. प्रत्येक टप्प्यावर नमुना आणि नमुन्यावर सही. घोड्यागणिक सीरम बदलतं, इथे पहिली कुपी आणि हजारावी कुपी सारखी निघावी यासाठी सगळा आटापिटा असतो.

[पुन्हा परळ. केईएमचं फाटक. दुपारची गर्दी.]

माणसांवरची पहिली चाचणी केईएममध्ये झाली, हाफकिन ज्या रस्त्यावर आहे त्याच आचार्य दोंदे मार्गावर. निरोगी स्वयंसेवकांना वाढत्या मात्रेत औषध देऊन रक्तातली पातळी मोजली. पुढची पायरी जास्त नाजूक. खरोखर कुत्रं चावलेल्या माणसाला नुसती लस देऊन वाट पाहणं हा अक्षम्य गुन्हा ठरेल. म्हणून खोल चावा बसलेल्या २०० जणांपैकी काहींना नवं औषध, बाकीच्यांना माणसाच्या रक्तातल्या अँटिबॉडी, आणि लस सगळ्यांना. चौदाव्या दिवशी रक्त तपासलं. नवं औषध कमी पडलं नाही. २०१६-१७ मध्ये भारतात परवाना मिळाला, रॅबिशील्ड या नावाने. रेबीजसाठी जगात वापरात आलेली ही पहिली मोनोक्लोनल. त्यानंतर अहमदाबादच्या झायडसने दोन अँटिबॉडींचं मिश्रण आणलं. विषाणूने एक जागा बदलली तरी दुसरी धरता यावी, हा त्यामागचा विचार, आणि तो रास्त आहे. परवान्यानंतर देशभरच्या रुग्णालयांत सुमारे ४,००० रुग्णांचा पाठपुरावा झाला; बहुतेकांना रॅबिशील्ड दिलं होतं, बाकीच्यांना घोड्याचं सीरम. एकालाही रेबीज झाला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा औषधांची शिफारस केली, २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. देशात रेबीजने वर्षाला २०,००० माणसं जातात हा जुना अंदाज, अलीकडच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज सुमारे ५,७०० चा. तालुक्याच्या फ्रीजमध्ये लस बहुतेक असते. ही कुपी मात्र अनेकदा नसते, चिठ्ठी लिहून जिल्ह्याला पाठवतात.

[संध्याकाळ. ग्रामीण रुग्णालयाचा व्हरांडा. नळाखाली मुलाचा पाय. साबणाचा फेस.]

सिस्टर घड्याळाकडे बघताहेत. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच. विषाणूला साबण सोसत नाही. एवढ्यानेही पुष्कळ काम होतं, आणि हे घरच्या मोरीत, निघण्याआधीच करायचं.

मग वजन. मुलगा २० किलोचा. घोड्याचं सीरम असतं तर ८०० युनिट लागले असते, माणसाच्या रक्तातलं असतं तर ४००. रॅबिशील्डचे ६७ च्या आसपास पुरतात. इवल्या पोटरीवर तीन जखमा आहेत. औषध जितकं कमी, तितकं त्या जागेत बसवणं सोपं.

[जवळून : सुई जखमेच्या कडेने आत. आईचा हात मुलाच्या डोळ्यांवर.]

दंडात नाही, कमरेत नाही. जखमेच्या आत आणि भोवती, प्रत्येक दाताच्या खुणेत. विषाणू तिथे आहे, म्हणून औषधही तिथेच. आज राहून गेलं तर लशीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवू लागलेलं असतं.

लस दंडावर, वेगळ्या सुईने.

[टेबल. कार्ड. बॉलपेन.]

सिस्टर तारखा लिहिताहेत. आज. तिसरा दिवस. सातवा. अठ्ठाविसावा. तिसऱ्या दिवशी बाजार आहे, येताना एसटी भरलेली असते, म्हणून सकाळच्या गाडीने या, असं त्या आईला दोनदा सांगतात.

[मुलगा कार्ड हातात घेऊन पायऱ्या उतरतो.]