राजाचा राग आणि राजाची मर्जी

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात 14 आणि 15 ही दोन वचनं एकापाठोपाठ येतात. राजाचा क्रोध म्हणजे मृत्यूचे दूत, सुज्ञ माणूस तो शमवतो. आणि राजाची मर्जी म्हणजे वळवाचा ढग. आपल्याकडे वळीव पडतो तेव्हा बहुतेक रानं मोकळी असतात. इस्राएलात मुख्य पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मार्च-एप्रिलमधला हा शेवटचा पाऊस येतो तेव्हा जव-गहू शेतात उभे असतात. त्यावर दाणा भरतो. पुढे सप्टेंबरपर्यंत जवळजवळ थेंब नाही. म्हणजे मर्जीवर दरबारी माणसाचं सगळं पोट अवलंबून, आणि ती आणणं त्याच्या हातात नाही.

मग करायचं काय? बायबलमधलंच उपदेशक हे पुस्तक 10:4 मध्ये सांगतं, अधिपती तुझ्यावर खवळला तर जागा सोडू नकोस. शांत राहिल्याने मोठे अपराधही निवतात. जागा सोडून गेलेला माणूस राजाला गुन्हेगार वाटतो, फितूर वाटतो. नीतिसूत्रे 25:15 आणखी दोन गोष्टी देतं, दम धरणं आणि मऊ जीभ.

हे सगळं प्रत्यक्षात कसं करायचं, ते नहेम्या या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पाहा. नहेम्या हा यहुदी माणूस, पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला द्राक्षारस देणारा सेवक. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव या यहुदी महिन्यात (नोव्हेंबर-डिसेंबर) कळली, आणि तो राजापुढे बोलला निसानात (मार्च-एप्रिल), इ.स.पू. 445च्या सुमारास. मधले चार महिने गेले. घाई करून चालणारच नव्हतं, कारण एज्राच्या चौथ्या अध्यायानुसार त्या शहराचं बांधकाम अर्तहशश्तानेच हुकूम काढून थांबवलं होतं. राजाला स्वतःचा हुकूम फिरवायला सांगायचं होतं!

राजाने विचारलं, तोंड का उतरलंय? नहेम्या फार घाबरला. तरी आधी म्हणाला, ‘महाराज चिरायू होवोत’. मग वाडवडिलांच्या थडग्यांचं नगर उजाड पडल्याचं सांगितलं. त्याचे शब्द नीट वाचा. तिथे ‘यरुशलेम’ हे नाव एकदाही नाही. बंडखोर म्हणून दप्तरात नोंदलेलं नगर त्याने पूर्वजांचं नगर म्हणून पुढे ठेवलं. ‘तुला काय हवं’ असं राजाने विचारल्यावर मनात प्रार्थना केली आणि मगच मागणी केली. मागणीही मोघम नव्हती: परतायची मुदत ठरवून दिली, फरात नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं मागितली, आणि वेशींच्या तुळयांचं लाकूड मिळावं म्हणून राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे पत्र. राजाने सरदार आणि घोडेस्वारही सोबत दिले.

इथे एक घोटाळा हमखास होतो. मऊ जीभ म्हणजे हांजी हांजी, असं लोक धरून चालतात. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर त्याच्या मूर्तीला नमन न करणाऱ्या तिघा यहुद्यांवर इतका संतापतो की त्यांना जळत्या भट्टीत टाकायची धमकी देतो. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो त्याच्यापुढून पळत नाहीत, आवाज चढवत नाहीत, शिव्याशाप देत नाहीत. ते त्याला ‘महाराज’च म्हणतात आणि सांगतात: आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं, तरी तुमच्या सोन्याच्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही.