फूड बँकेची पाळी आणि कार्डाचं बिल

मुलांकडे अमेरिकेत राहून आलेल्या आईबाबांकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘लोक फार उधळे बघा’ आणि ‘पण समाजकार्य मात्र करतात हो!’ माझं म्हणणं एवढंच की या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तिथल्या सेवाकार्याचा मोठा भाग घरांत नि दुकानांत उरलेल्या मालावर चालतो.

फूड बँकच घ्या. पहिली निघाली 1967 साली, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये. न खपलेलं पण खाण्याजोगं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवायचं, ही कल्पना. तिथे काम करायचं तर आधी ऑनलाइन नाव नोंदवून पाळी घ्यावी लागते, साधारण दोन-तीन तासांची. बूट पुढून बंद हवेत. चपला घालून गेलात तर दारातूनच परत पाठवतील. मग आलेले अन्नाचे सीलबंद डबे निवडायचे. मधे किंचित पोचा आलेला डबा चालतो. पोचा शिवणीवर, म्हणजे पत्र्याच्या जोडावर, किंवा कडेला असेल, डबा फुगला किंवा गळत असेल, तर तो सरळ टाकायचा. शिवण सुटली की जंतू आत शिरतात, आणि फुगलेल्या डब्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष असू शकतं. ‘बेस्ट बाय’ (म्हणजे ‘या तारखेपर्यंत उत्तम’) उलटलेला पास्ता बहुतेक ठिकाणी ठेवतात, कारण ती तारीख दर्जाची असते, सुरक्षिततेची नाही. बाळाचं फॉर्म्युला दूध मात्र तारखेनंतर एक दिवसही चालत नाही. आपली माणसं इथेच अडखळतात. अन्न टाकवत नाही, मग डबा हळूच चांगल्या ढिगात जातो. तसं करू नका. आणि घरचे लाडू नेऊ नका, बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

पाहुण्यांच्या बी-2 व्हिसावर असं काम चालतं, पण संस्था धर्मादाय हवी आणि मोबदला शून्य. फार तर झालेला खर्च घ्यावा. ओळखीच्या दुकानात ‘नुसतं गल्ल्यावर बसतो’ म्हणणं मात्र धोक्याचं. पैसे घेतले नाहीत तरी ती नोकरीच ठरू शकते.

मेरीलँडमध्ये शाळा पूर्ण करायला सरकारी शाळांतल्या मुलांना 75 तासांची सेवा लागते. नातवंडं ‘तास भरायला’ येतात म्हणून नाक मुरडू नये. डबे निवडले जातातच ना?

आता खर्च. किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो 6.625 टक्के, कपड्यांवर बहुतेक नाही. ओरेगॉनात मुळीच नाही. हॉटेलातली टीप म्हणजे उदारपणा समजू नका. टीप मिळणाऱ्या वेटरला मालकाने रोख द्यायचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलर आहे, काही राज्यांत जास्त. म्हणून साठ डॉलरच्या बिलावर नऊ ते बारा ठेवायचे.

कार्डाचं पूर्ण बिल मुदतीत भरलं तर खरेदीवर व्याज नाही. फक्त किमान रक्कम भरली की उरलेल्यावर व्याज लागतं, बऱ्याच कार्डांवर वर्षाला 20 टक्क्यांच्या वर, आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही सहसा जाते. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेडायला किती वर्षं लागतील, हे बिलावर छापणं 2009च्या कायद्याने बंधनकारक केलं. तेवढा चौकोन मुलांना वाचायला लावा.

अशा खरेदीतूनच कपाटं तुंबतात, आणि कपडे गुडविलसारख्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात दान होतात. पावती मिळते, तिच्यावर किंमत देणाऱ्यानेच लिहायची. या कपड्यांवर करात सूट मात्र सरसकट वजावटीऐवजी तपशीलवार वजावटी मांडणाऱ्यांनाच. सेवेच्या तासांना सूट नाही. त्या कामासाठी स्वतःची गाडी नेली तर मैलामागे 14 सेंट त्या वजावटीत धरता येतात.