पडद्यावरची तोफ आणि असईचा उतार

(भोकरदन येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आणि मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांनो, पुढं या, इथं सतरंजीवर जागा आहे.

शस्त्रांच्या इतिहासावरच्या टीव्ही मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. मीही पाहतो आणि आवडीनं पाहतो. एका भागात तलवार, पुढच्यात मशिनगन, त्याच्या पुढच्यात रणगाडा. 1862 साली गॅटलिंगनं फिरत्या नळ्यांच्या बंदुकीचं पेटंट घेतलं, 1884 च्या सुमारास मॅक्सिमनं स्वतःच्याच धक्क्यावर भरत जाणारी बंदूक केली, 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर पहिल्यांदा रणगाडे उतरले. आमच्या पिढीला हे पाठ्यपुस्तकात कधी मिळालं नाही. पुस्तकात एवढंच असायचं की घनघोर युद्ध झालं आणि अमक्याचा विजय झाला. तोफ भरतात कशी, हे कुणी सांगितलं नाही. आधी ओल्या पोचाऱ्यानं नळी पुसायची, कारण आत एखादी ठिणगी राहिली तर पुढची दारू भरणाऱ्याच्याच हातात पेटणार. मग दारूची थैली, मग गोळा, मग गजानं ठासायचं. कानातून, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक छिद्रातून, थैलीला भोक पाडायचं, रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू घालायची आणि बत्ती द्यायची. पाच-सहा माणसांचे हात एका लयीत चालले तरच हे जमतं. हे मी पडद्यावर पाहून शिकलो आणि त्याबद्दल या मालिका करणाऱ्यांचा ऋणी आहे.

माझं भांडण आहे ते त्या विचारतात त्या प्रश्नाशी. 2009 साली अमेरिकेत ‘डेडलिएस्ट वॉरियर’ नावाची मालिका सुरू झाली. दोन वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या देशांतले योद्धे घ्यायचे, त्यांची शस्त्रं जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चालवून मोजमाप करायचं, ते आकडे संगणकाला द्यायचे आणि हजार वेळा लढाई लावून विजेता जाहीर करायचा. एका भागात रोमन शताधिपतीसमोर आपला राजपूत योद्धाही उभा केला होता. प्रश्न एकच, कुणाचं शस्त्र जास्त घातक? त्यापेक्षा 2015 ला सुरू झालेली ‘फोर्ज्ड इन फायर’ मला जवळची वाटते. तिथं निदान लोहार दिसतो, भट्टी दिसते, पाणी देताना पातं तडकलं की माणसाचा पडलेला चेहरा दिसतो. शस्त्र कुणीतरी घडवलेलं असतं, हे ती मालिका विसरत नाही. पण घडवल्यानंतर ते रणांगणापर्यंत पोचतं कसं, हे तिथंही येत नाही. आणि ते समजून घ्यायचं तर भोकरदनसारखी जागा नाही.

इथून पूर्वेला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असई आहे. 23 सप्टेंबर 1803. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेला होता. त्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, सरधन्याच्या बेगम समरूच्या होत्या, आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय 34. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. त्याच्याकडं प्रत्यक्ष लढाईला साधारण साडेचार हजार माणसं आणि मोजक्या तोफा.

शिंद्यांच्या या तोफा कशा होत्या? महादजींनी 1784 पासून द बॉयन या सेनानीच्या हाताखाली कवायती फौज उभारली. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस चालवत होता. भट्टीवर, साच्यांवर, गाड्यांच्या सुतारकामावर हात आपल्या लोकांचे होते. लढाईनंतर वेलस्लीनं या तोफा पाहिल्या आणि त्या चांगल्या आहेत, इंग्रजी फौजेच्या कामाला लावता येतील, असं कळवलं. शत्रूची ही पावती लहान नाही. आता संगणकात हे आकडे घाला. जास्त तोफा, तोडीस तोड दर्जा, आधीपासून जागा धरून बसलेली फौज. हजारांतल्या किती लढाया शिंदे जिंकतील?

वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की केळणेला इथं उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा, नाही. त्यानं पलीकडं पाहिलं. नदीच्या अलीकडं एक गाव, त्याच्या बरोबर समोर पलीकडं दुसरं गाव, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील तर त्यांच्यात येणंजाणं असणारच, म्हणजे उतार असणारच, असं त्यानं ताडलं. उतार निघाला. बायाबापड्या, गुरंढोरं वर्षानुवर्षं ज्या वाटेनं नदी ओलांडत होती, त्या वाटेनं फौज पलीकडं गेली. शिंद्यांच्या शंभर तोफांपैकी एकीनंही तो उतार आधीपासून धरून ठेवला नव्हता. या लढाईतलं माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठं शस्त्र हे आहे, आणि ते कुठल्याच संग्रहालयात ठेवता येत नाही.

पण म्हणून शिंद्यांची फौज गाफील होती असं मानू नका. इंग्रज बगलेवर येतोय हे दिसताच त्यांचा हॅनोव्हरचा सेनापती पोलमन यानं सगळी रांग वळवून पूर्वेकडं तोंड करून उभी केली. उजवं टोक केळणेला, डावं असई गावाला. तोफांसह, ऐन लढाईत हजारो माणसांची रांग अशी फिरवायची, ही महिनोन् महिने घोटलेली कवायत आहे. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. मग तोफा सुरू झाल्या.

इथं शेतकरी बसलेत, म्हणून हे तुम्हाला सांगतो. इंग्रजांच्या तोफा बैल ओढत होते. शिंद्यांच्या गोळ्यांनी ते बैल पडले आणि गोलंदाजही पडले. जुवाला बांधलेला एक बैल मेला की जोडीचा बिथरतो, दोरखंड अडकतात, गाडा आडवा होतो. वेलस्लीच्या तोफा जागच्या जागी राहिल्या. त्या मागं सोडून पायदळानं पुढं चालून जावं, असा हुकूम त्याला द्यावा लागला. समोरून आधी गोळे येत होते आणि जवळ गेल्यावर छर्रे. उजवीकडच्या तुकड्या चुकून थेट असई गावाच्या रोखानं गेल्या आणि तिथं कापल्या गेल्या. गोलंदाज मात्र तोफ सोडून हटले नाहीत. संगिनी अंगावर येईपर्यंत भरत राहिले, डागत राहिले आणि तोफेपाशीच मेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. इंग्रजी रांग पुढं निघून गेल्यावर ते उठले, तोफा फिरवल्या आणि तिच्या पाठीत मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला मागं वळावं लागलं.

इंग्रजांकडचे 428 मेले, 1138 जखमी झाले. म्हणजे लढाईत उतरलेल्या तीन माणसांमागं एक. पुढं म्हातारपणी वेलस्लीला विचारलं, लढाईच्या कामात तुम्ही सर्वांत उत्तम काय केलंत, तेव्हा त्यानं ‘असई’ एवढंच उत्तर दिलं. वॉटर्लू म्हणाला नाही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. असईला छातीठोकपणे चालून गेलेल्या त्याच्याच काही पलटणी दोन महिन्यांनी, 29 नोव्हेंबरला, अडगावला मराठ्यांच्या तोफा पुन्हा कानावर पडताच फुटून पळाल्या. त्यांना परत गोळा करावं लागलं. असईनं माणसांच्या मनावर काय केलं होतं, हे त्यावरून कळतं. जिलेटिनच्या ठोकळ्याला भीती वाटत नाही.

मग शिंदे का हरले? दौलतराव आणि रघूजी स्वतः रणातून निघून गेले. मोठं घोडदळ जवळजवळ नुसतं उभं राहिलं. युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतले ब्रिटिश अधिकारी फोडले होते. ज्या पलटणी परक्या अधिकाऱ्यांच्या हुकुमावर घडवल्या, त्यांचा कणाच ऐन वेळी काढून घेता येतो. ओतकामात, दारूत, गोलंदाजाच्या छातीत काही कमी नव्हतं. हे मी आपल्या मातीच्या अभिमानापोटी म्हणत नाही. त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या माणसानं स्वतः लिहून ठेवलेल्या गोष्टींवरून म्हणतो.

शस्त्र रणांगणापर्यंत पोचतं कसं, याची उदाहरणं मराठवाडाभर पडलेली आहेत. विजापूरची मुलूखमैदान तोफ सगळ्यांना माहीत आहे, पण ती पूर्वी आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. 1549 साली अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी यानं ती ओतली आणि 1632 मध्ये आदिलशाहीनं परंड्याहून ती विजापूरला नेली. वजन 55 टनांच्या घरात. ओतणाऱ्याचं नाव तोफेवर कोरलेलं आहे. ती ओढून नेणाऱ्या गाडीवानांचं नाव कुठंच नाही. वाटेतली काळी माती, भीमेचं पात्र, ओढे हे सगळं त्यांनी कसं पार केलं, यावर एक अख्खा भाग होईल. दौलताबादच्या मेंढा तोफेपाशी सगळे फोटो काढतात. मागच्या बाजूला मेंढ्याचं तोंड, खुंटीवर फिरणारी, देखणी ओतीव. ती त्या उंच बुरुजावर चढवली कशी, हे तिथं उभं राहून कुणी विचारताना मी फारसं ऐकलेलं नाही. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना भाऊसाहेबांच्या बाजूनं निजामावर चालला. हा इब्राहिमखान त्याआधी निजामाकडंच होता. तोफखान्याचा माणूस बाजू बदलतो तेव्हा विद्याही त्याच्याबरोबर जाते.

आणि नळदुर्ग. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. रणगाडे होते, आकाशात टेंपेस्ट विमानं होती. पण पहिला डाव पुन्हा नदीच ओलांडण्याचा होता. बोरी नदीवरचा पूल सातव्या ब्रिगेडनं झपाट्यानं, शाबूत ताब्यात घेतला आणि मग नळदुर्गच्या ठाण्यावर चाल केली. पूल शाबूत मिळाला नसता तर रणगाडे काठावर थांबले असते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या खिशातल्या मोबाइलवर अशी मालिका करता येते. पावसाळ्यात, नद्यांना पाणी असताना, केळणेच्या दोन्ही काठांवर उभं राहून चित्रण करा. बैलजोडी असलेल्या शेतकऱ्याला विचारा की चिखलातून जड गाडा काढताना काय करतात, कोणत्या आरोळीला बैल जोर लावतो. परंड्याच्या बुरुजांवर अजून तोफा आहेत, त्यांची मापं घ्या. आणि सर्वांत आधी आपापल्या गावातल्या नव्वदीच्या आजी-आजोबांकडं जा. 1948 मध्ये कुणाच्या माळ्यावर ठासणीची बंदूक होती, रझाकार येण्याची हाळी उठली की काय हातात घेऊन माणसं वेशीवर उभी राहत, दारूगोळा कुठून कसा यायचा, हे सांगू शकणारी माणसं आता प्रत्येक गावात एक-दोन उरली आहेत. दिवाळीच्या सुटीची वाट पाहू नका. येत्या रविवारीच जा.