कांदा पुढे जातो, बेअरिंग तिथंच राहतं

(हातात ग्रीस भरलेलं बेअरिंग)

नमस्कार मंडळी. आपल्या नाशिक जिल्ह्यात, लासलगावला, भाभा अणु संशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबतात, त्याला ६० ते ९० ग्रे मात्रा पुरते (ग्रे म्हणजे वस्तूत किती किरण-ऊर्जा शोषली गेली, ते मोजायचं एकक). पण आज बोलायचंय ते किरणं देतात त्या खोलीत माल फिरवणाऱ्या कन्व्हेयरच्या बेअरिंगबद्दल.

कांदा मात्रा घेऊन बाहेर पडतो, बेअरिंग जागचं हलत नाही. समजा तिथं तासाला ५०० ग्रे पडतात. २,००० तासांत झाले १० लाख ग्रे, आणि साधं खनिज तेल साधारण इथंच बिघडायला लागतं. प्लांट रात्रंदिवस चालत असेल तर तीन महिनेसुद्धा झालेले नसतात.

आत होतं काय? तेलाच्या रेणूंचे बंध तुटतात, हायड्रोजन सुटतो, उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन तेल घट्ट होतं. हवेमुळे आम्लही वाढतं. (तेल किरणोत्सारी मात्र होत नाही, हे आधीच सांगून टाकतो.)

ग्रीस इथं फसवतं. आधी तेल धरून ठेवणारी साबणाची जाळी मोडते, ग्रीस पातळ होऊन सीलखालून ओघळतं. बघणाऱ्याला वाटतं, ग्रीस गनने जास्त मारलं गेलं, आणि तो पुढच्या वेळी कमी भरतो. मग आत उरलेलं तेल डांबरासारखं होतं आणि बेअरिंग जाम.

महाग म्हणजे टिकाऊ, हे इथं चालत नाही. टेफ्लॉनची ताकद हवेत १० हजार ग्रेच्या आतच ढासळते; आपल्या हिशोबात २० तास. फ्लोरिनयुक्त तेलं तुटली की गंज आणणारी आम्लं सोडतात. सिलिकॉन तेलाची जेली होते. टिकतात ती बेंझीनसारखी कडी असलेली तेलं, कारण ती कडी ऊर्जा पचवते. पॉलिफिनाइल इथर त्यातलं सगळ्यात दणकट. हळू फिरणाऱ्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर चालतो.

सील बदलताना सांभाळा. ईपीडीएम रबर किरणांना चांगलं तोंड देतं, पण खनिज तेलात फुगतं.

आणि तेच ग्रीस एका डबीत, मात्रामापकासह, बेअरिंगशेजारी ठेवा. प्लांट बंद करून कोबाल्टचा स्रोत पाण्यात उतरला आणि आत जायची परवानगी मिळाली, की डबीतला नमुना कोऱ्या ग्रीसशी ताडून बघा: मऊपणा, आम्लांक (आम्ल किती, तो आकडा), रंग. बदलायची तारीख त्यावरूनच ठरवा.