टक्कल आणि ग्रोथ फॅक्टर: केसाच्या मुळाशी पोहोचणारे निरोप

ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढीची लोकर कात्रीविना उतरवण्याची एक पद्धत विकसित झाली. मेंढीला एका प्रथिनाचे इंजेक्शन द्यायचे, अंगावर जाळी चढवायची आणि काही आठवड्यांनी मुळाशी तुटलेली लोकर हाताने सोलून घ्यायची. त्या प्रथिनाचे नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. त्याच्या शोधासाठी अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. केसांच्या सीरमवर ‘ग्रोथ फॅक्टर’ हे शब्द दिसले, की ही मेंढी आठवावी. नावात वाढ असली, तरी लोकरीची वाढ त्याने थांबवलीच.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप. केसाच्या मुळाच्या तळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो आणि केसाने वाढत राहावे की थांबावे, हे बरेचसे त्याच्याकडून निघणाऱ्या निरोपांवर ठरते. आयजीएफ-१ वाढीचा काळ टिकवून धरतो, व्हीईजीएफ मुळाभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे विणतो, तर एफजीएफ-५ वाढ आवरती घ्यायला सांगतो. त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे केस नेहमीपेक्षा लांब वाढतात.

पुरुषांच्या टकलात बिघडतात ते हेच निरोप. टेस्टोस्टेरॉनपासून बनलेले डीएचटी हे संप्रेरक आनुवंशिक कल असलेल्या मुळांच्या पॅपिलाला जाऊन चिकटते, आणि मग तिथून टीजीएफ-बीटा व डीकेके-१ असे वाढ रोखणारे घटक अधिक प्रमाणात स्रवू लागतात. एरवी दोन ते सहा वर्षे चालणारा वाढीचा काळ केस गळून नवा उगवण्याच्या फेरीगणिक आखडत जातो, मूळ आक्रसते आणि जाड केसाच्या जागी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळे मात्र त्याच रक्तावर पोसली जाऊनही तग धरतात, आणि पुढे लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत, असे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवले. केशरोपणाचा आधार तोच आहे.

टकलावरच्या पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकवटून टाळूत टोचतात. त्यांत व्हीईजीएफ आणि आयजीएफ-१ असतात, तसा टीजीएफ-बीटाही असतो, हे जाहिरातीत सहसा सांगितले जात नाही. टकलावर दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी निरोपांना हात न लावता डीएचटीच कमी करते. ती बंद केली, की मिळालेला लाभ वर्षभरात ओसरतो.