आयसीयूबाहेरची वही

नमस्कार श्रोतेहो.

घरातल्या कुणाला अचानक दवाखान्यात हलवावं लागलं की डबा कोण पोचवणार, रात्री सोबतीला कोण, पास कुणाकडे, या धावपळीत दिवस जातो. उरतात ते आयसीयूबाहेरच्या बाकावरचे तास. आज बोलायचंय त्या तासांत काढायच्या चित्रांविषयी. चित्रकला यायलाच हवी असं नाही.

पोस्टकार्डाएवढी कोऱ्या पानांची वही आणि काळं बॉलपेन, एवढंच घ्या. कागद १०० ते १२० जीएसएमचा असावा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), पातळ कागदावर पेन मागे उमटतं. जेलपेन नको, मुंबईच्या पावसाळी हवेत कागद ओलसर होतो आणि शाई फुटते. पेन्सिलही नको. खोडरबर हाताशी असला की माणूस चित्र सुधारत बसतो आणि बघायचं राहून जातं.

एका चित्राला पाच मिनिटं. खाली तारीख, वेळ आणि एकच वाक्य. काढायचं ते समोर असेल तेच: दाराबाहेरच्या चपला, रिकामा डबा, बाकाखालची पिशवी. दुःख काढायला जाऊ नका. सगळ्यात जास्त चित्रं फसतात ती इथेच. अश्रू, तुटलेलं हृदय, अंधारी विहीर हे सवयीनं हाताला येतं आणि कुणाच्याही घरचं असू शकतं. वडिलांचा हात मात्र फक्त वडिलांचाच असतो.

तोच हात घेऊ. मनगटाच्या वर सुई, तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा चौकोन, तर्जनीला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आधी बोटं काढू नका, बोटांमधल्या फटी काढा. नजर हातावर, कागदावर कमीत कमी. रेघ वेडीवाकडी आली तर येऊ दे. फटी कालच्यापेक्षा बुजल्यात, म्हणजे हात सुजलाय, हे असं बघतानाच ध्यानात येतं. मग पेन ठेवायचं आणि आधी सिस्टरांना सांगायचं.

हे झालं वॉर्डातलं. आयसीयूत वही नेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका असतो. बाहेर आल्यावर हात धुवून, दोन मिनिटांत आठवेल तेवढंच काढा. शेजारच्या पेशंटचा चेहरा काढू नये, तो त्यांचा खाजगी प्रसंग आहे.

पुष्कळांना ईसीजीची पट्टी वहीत चिकटवावीशी वाटते. तो कागद बहुधा उष्णतेनं उमटणारा असतो. गोंदानं त्यावरच्या रेघा पुसट होतात आणि गरम लॅमिनेशननं तो काळा पडतो. झेरॉक्स चिकटवा, मूळ कागद फाइलीत राहू द्या.

घरी आल्यावर निदान दोन महिने वही बंद ठेवा. घाई नको. जर्मन कलावंत केटे कोल्वित्झ यांचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये युद्धात गेला. त्याचं स्मारक उभं राहायला १९३२ साल उजाडलं. आधीच्या कल्पनेत आडवा पडलेला मुलगाही होता. अखेरीस त्यांनी फक्त गुडघ्यांवर बसलेले आई-बाप ठेवले. काय वगळायचं हे कळायला इतकी वर्षं लागतात.

मग पानं तारखेनं लावा. सुरुवातीला बहुधा यंत्रं आणि नळ्याच दिसतील. पुढे कुठे माणसं दिसायला लागली, ते पान शोधा: पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशी, चहा आणून देणारा शेजारी. आपण बदललो ते तिथे. त्या पानावरून मोठं चित्र करा. ११ बाय १५ इंच, ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद, कडा मास्किंग टेपनं बोर्डावर पक्क्या केलेल्या, रंग दोन किंवा तीन. जुलैत पहिला थर वाळायला फार वेळ घेतो. तो ओलसर असताना दुसरा दिलात तर फुलकोबीसारखे डाग उठतात. हाताच्या पाठीनं कागद तपासा. गार लागला तर अजून ओला आहे.

चित्र काढताना झोप उडत असेल, छातीत धडधडत असेल तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे.

चित्र झालं की फॅमिली ग्रुपवर टाकायची घाई करू नका. ज्यांचं आजारपण, त्यांना आधी दाखवा. ‘नको’ म्हणाले तर ते कपाटात राहील. ‘माझी बोटं एवढी बारीक कुठे होती?’ असं म्हणाले, तर ते वाक्य त्यांच्याच अक्षरात चित्राखाली लिहून घ्या.